ओल तोडली की आळी तुटते

पोरी, आळ्या दिसल्या की फिनेल घेऊन धावू नको. आळी म्हणजे माशीचं पिल्लू. ओलं, कुजकं सापडलं नाही तर माशी तिथं अंडी घालतच नाही.

माशी एका खेपेला 100 च्या आसपास अंडी घालते. दिवसाभरात ती फुटतात. आळी चार-पाच दिवस शेण खाते नि कडेच्या कोरड्या मातीत शिरून कोष करते. गरमीच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत माशी उडते. म्हणजे या बाजाराला घातलेलं अंडं पुढच्या बाजाराला उडायच्या बेतात येतं. म्हणून गोठ्यातलं शेण रोज उचल आणि उकिरडा आठवड्यातून दोनदा खालवर कर. ढीग आतून चांगला तापतो. वरचं शेण आत लोटलं की आळी त्या उष्णतेत टिकत नाही. कडेची माती सगळेच विसरतात, खरे कोष तर तिथंच असतात. तीही खरवडून ढिगाच्या पोटात घाल. गोमुताची नाली तुंबू देऊ नको.

खरकटं पाण्यात भिजत ठेवू नको. मटणाची हाडं, मासळीचं धुवण खड्ड्यात टाकून वर चुलीची राख नि माती लोट. राखेनं आळी मरत नाही, राख ओल पिते.

परसातले पेरू, दोडके आतून किडतात ते फळमाशीनं. गळलेलं फळ त्याच दिवशी उचल आणि दोन फूट खोल पूर. उकिरड्यावर फेकलंस तर तिथूनच माश्या निघतील.

दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन कारखान्यावर निघाल, तेव्हा घरातलं शिळंपाकं नि गोठ्यातलं शेण काढूनच कुलूप लाव. तिकडं राहायला कोपी घालताना बैलांची दावण लांब धर, लेकरं कोपीपुढंच रांगतात.

बैलाचा खांदा सोलला तर रोज बघ, जखमेवरही माशी अंडी घालते. सीताफळाचा पाला वाटून जखमेवर लावायची रीत गुराख्यांना फार आधीपासून ठाऊक. बियांची पूड मात्र घेऊ नको. डोळ्यात गेली तर डोळा निकामी होऊ शकतो. जखम खोल असली, आत आळ्या वळवळताना दिसल्या, तर पाल्यावर थांबू नको. बैल सरळ जनावरांच्या दवाखान्यात ने.