डोंगराच्या पोटातील धडा

सोन्याच्या मोलाची चौकशी सर्वच करतात. परंतु ते कोणी व कोणत्या श्रमाने काढले, हे विचारणारा विरळा. हा दुसरा प्रश्न विचारावयास शिकविणारे एक स्थळ वेल्स देशात आहे. कार्मार्थनशर परगण्यात, कोथी नदीच्या खोऱ्यात, पिमसाइंट गावानजीक एका डोंगराच्या उतारावर डोलायकोथी नावाची पुरातन सोन्याची खाण आहे. इ. स. १९३८ मध्ये तेथील खोदकाम बंद पडले व इ. स. १९४१ मध्ये ती जागा नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या हाती आली. तेव्हापासून ती जपून ठेवण्यात आली असून, डोक्यावर टोप व दिवा चढवून मार्गदर्शकाच्या मागोमाग अनेक प्रवासी तिच्या अंधारात उतरले आहेत. विद्यार्थिमित्रहो, आपणही मनाने तीच वाट धरू.

प्रथम डोंगरावर पाहावे. इ. स. ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरले, आणि त्याच शतकात वेल्स जिंकून त्यांनी ही खाण चालू केली. येथील सोने गारेच्या शिरांत, सुवर्णमाक्षिकाच्या सोबतीने, सूक्ष्म कणांच्या रूपाने असते. त्या शिरा मातीखाली दडलेल्या. मग रोमनांनी काय केले? कोथी नदीचे पाणी सुमारे ७ मैलांच्या पाटाने, उतार अगदी बेताचा राखून, डोंगराच्या कडेकडेने आणले व वर खोदलेल्या हौदांत साठविले. हौद भरला म्हणजे ते पाणी एकदम सोडीत. त्या लोंढ्याने माती वाहून जाई व खालचा खडक उघडा पडे. स्पेनमधील खाणींत अशीच रीत होती, असे प्लिनी ह्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे.

खडक फारच कठीण असला तर त्यालगत मोठा जाळ करीत व तापलेल्या दगडावर पाणी ओतून त्यास तडे पाडीत. अरुंद बोगद्यांच्या भिंतींवर हत्यारांचे घाव अद्यापि दिसतात. खोल गेल्यावर पाण्याचे संकट उभे राहिले. ते कसे निवारिले, ह्याचा पुरावा इ. स. १९३५ मध्ये मिळाला. त्या वेळी खाणीत पुन्हा काम चालू असता एका रोमन लाकडी चाकाचा तुकडा हाती लागला. आपल्या रहाटाची आठवण करून देणारे असे चाक माणसे पायांनी तुडवून फिरवीत व पाणी वर चढवीत. तो तुकडा कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चाक तुडविणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नाही. सम्राटाचे नाव नाण्यावर उमटले. मजुराचा घाव तेवढा खडकावर राहिला.

बाहेर आल्यावर एक उभा दगड दिसतो. त्याच्या अंगावर वाटोळे खळगे आहेत. पिमसाइंट ह्या नावाचा अर्थ पाच संत. पाच संतबंधू वादळात सापडून ह्या दगडाला डोके टेकून निजले व त्यांच्या डोक्यांचे ठसे दगडात उमटले, अशी लोककथा आहे. अभ्यासकांचे मत निराळे आहे. ही खाणीतील ऐरण असावी. तीवर घणांनी गार कुटीत, आणि एक खळगा फार खोल झाला म्हणजे दगड फिरवून दुसरी जागा घेत, असे ते म्हणतात.

हे ऐकून भाविकाने खिन्न व्हावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. श्रद्धेस सत्याचे भय नसते. संतांची थोरवी दगडातील ठशांवर अवलंबून नाही. आणि ज्या खळग्यांत शेकडो अज्ञात हातांचे श्रम साठले आहेत, तो दगड कमी वंदनीय कसा? ईयोबाच्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात खाणकऱ्यांच्या साहसाचे वर्णन आहे, आणि त्यापाठोपाठ ज्ञान कोठे सापडेल हा प्रश्न आहे. त्या दोन गोष्टी तेथे एकत्र का आल्या, हे ह्या डोंगराजवळ उभे राहिले असता समजू लागते.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस विनंती इतकीच की, किल्ला असो, लेणे असो वा जुना पूल असो, तेथे गेल्यावर बांधविणाऱ्याचे नाव वाचून परतू नये. दगडावरील घाव पाहावा, तो कशाने पडला हे विचारावे, आणि तो घालणाऱ्या हाताचे क्षणभर स्मरण करावे.