'स्टेंट' : एका शब्दाचा प्रवास

गेल्या सत्रांत नववींतील एक विद्यार्थी आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, बाबांच्या हृदयांत स्टेंट बसविला आहे. म्हणून ग्रंथालयांतला जुना इंग्रजी कोश पाहिला, तर तेथें 'कर' असा अर्थ निघाला!" मुलगा हसत नव्हता; तो भ्याला होता. त्यास आम्हीं जें सांगितलें, तें इतर विद्यार्थ्यांच्या व पालकांच्याही उपयोगी पडावें म्हणून येथें देतों.

कोश खोटा नव्हे. स्कॉटलंडांत 'स्टेंट' म्हणजे आकारणी करून बसविलेला कर. पूर्वींच्या इंग्रजींत 'ताणणें' असाही अर्थ होता. नळी ताणून उघडी ठेवतो तो स्टेंट, अशी व्युत्पत्ति कोणासही सुचेल. पण ती चुकीची आहे. वैद्यकांतला हा शब्द एका माणसाचें आडनांव होय.

चार्ल्स स्टेंट हे लंडनचे दंतवैद्य. कवळी करण्यासाठीं तोंडाचा ठसा घ्यावा लागतो. गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचा ठसा निवतांना आकसे व बिघडे. १८५६ सालीं स्टेंट यांनीं त्यांत स्टिअरिन वगैरे मिसळून भरंवशाचा मसाला तयार केला. पुढें पहिल्या महायुद्धांत डच शस्त्रवैद्य एसर यांनीं जखमी सैनिकांस नवी त्वचा लावितांना ती जागेवर दाबून धरण्यास ह्याच मसाल्याचा साचा वापरला. दांत मागें राहिले. 'जागा धरून ठेवणारें साधन' एवढा अर्थ उरला. तोच पित्तनलिका, मूत्रनलिका अशी वाट चालत हृदयापर्यंत पोहोंचला. १९८६ सालीं फ्रान्समध्यें झाक प्युएल व स्वित्झर्लंडमध्यें उलरिख सिगवार्ट यांनीं मनुष्याच्या हृदयाच्या रोहिणींत पहिले स्टेंट बसविले.

हा स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची बारीक नळी. मिटलेल्या फुग्यावर चढवून ती मनगटांतील किंवा जांघेंतील रोहिणींतून आंत नेतात. अरुंद जागीं फुगा फुगविला कीं जाळी उलगडते. फुगा परत येतो, जाळी तेथेंच राहते. छाती चिरावी लागत नाहीं, हें ऐकून मुलाचा जीव भांड्यांत पडला.

परंतु जाळीनें एका ठिकाणची वाट मोकळी होते, मूळ रोग जात नाहीं. शिवाय ह्या परक्या वस्तूवर रक्त गोठूं पाहतें; म्हणून तें न गोठण्याच्या गोळ्या डॉक्टरांनीं सांगितलेल्या मुदतीपर्यंत मुळींच चुकवूं नयेत. हें ऐकतांच तो म्हणाला, "बाबांना बरें वाटतें, म्हणून त्यांनीं दोन दिवस गोळ्या घेतल्या नाहींत."

आम्हीं त्यास पुढच्या तासाला बसूं दिलें नाहीं. डॉक्टरांस आत्तांच विचारा, असा वडिलांस निरोप देऊन लगेच घरीं पाठविलें.