बटण दाबले, अक्षर उमटले नाही

संगणकाच्या पुस्तकात कीबोर्डला फार तर एक ओळ मिळते, 'हे एक इनपुट उपकरण आहे', आणि पुढच्या पानावर प्रोसेसर सुरू होतो. हॉस्टेलवर परिस्थिती बरोबर उलटी आहे. प्रोसेसर बिघडला म्हणून माझ्या खोलीचे दार आजवर कोणी वाजवलेले नाही. "दादा, स्पेसबार अडकतोय, बघता का जरा?" असे म्हणणारे मात्र सबमिशनच्या दिवसांत रोज एक तरी येतो. या उद्योगातून जे हाती लागले ते मित्रांनो, इथे मांडतो आहे. (लेखात 'की' न म्हणता 'बटण' म्हणेन. नाहीतर कोणती की कोणती आणि कोणता की कोणता, यातच पान संपेल.)

सर्वात आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. काहीही बिघडलेले नसताना उघडलेले कीबोर्ड मी पुष्कळ पाहिले आहेत. विंडोजमध्ये उजवीकडचे शिफ्ट आठ सेकंद दाबून धरले तर 'फिल्टर कीज' सुरू करू का, असे विचारले जाते. रात्री अडीच वाजता डोके टेकवलेला माणूस त्याला 'येस' म्हणून मोकळा होतो आणि सकाळी तक्रार घेऊन येतो की हलके दाबले तर अक्षरच येत नाही! काही लॅपटॉपवर न्यूमलॉक चालू राहिले तर यू, आय, ओ या बटणांतून ४, ५, ६ बाहेर पडतात. म्हणून आधी सेटिंग बघा, मग कीबोर्ड दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावा, मग दुसऱ्या संगणकाला लावा. तिथेही तेच झाले तर पुढे वाचा.

आता थोडी थिअरी, पण घाबरू नका, ती तुम्ही पाठ केलेलीच आहे. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरला ८२७९ या इंटेलच्या चिपची आकृती आपल्याकडच्या कित्येक बॅचेसनी रट्टा मारून काढली. त्यात स्कॅन लाईन, रिटर्न लाईन आणि मध्ये बटणांची जाळी असते. आठ आडव्या आणि आठ उभ्या तारांच्या ६४ छेदांवर ६४ बटणे बसतात. तुमच्या समोरच्या कीबोर्डमध्येही तीच जाळी आहे. १०४ बटणांना १०४ तारा ओढण्यापेक्षा ८ आणि १६ अशा २४ तारांत १२८ छेद मिळतात. कंट्रोलर एकेक तार तपासत जातो आणि कुठल्या छेदावर जोडणी झाली ते बघतो. आकृती काढून दहा मार्क मिळवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती जाळी उघडून पाहिली असेल, हा प्रश्न मी स्टाफरूमच्या दारातूनच विचारतो आणि पळतो.

ही जाळी डोक्यात असली की अर्धे निदान कीबोर्ड न उघडताच होते. नोटपॅड उघडा, सगळी बटणे ओळीने दाबा आणि कोणती मेली आहेत ते कागदावर मांडा. एकच बटण मेले असेल तर दोष त्या बटणाखालीच आहे, म्हणजे घाण, फाटलेले रबर किंवा झिजलेला संपर्क. २, डब्ल्यू, एस, एक्स अशी एका रांगेतली बटणे एकदम गेली, तर चार बटणे एकाच दिवशी झिजलीत असे होत नाही. त्यांची सामाईक तार तुटली आहे किंवा कंट्रोलरला टेकते तिथे सैल झाली आहे. अशा वेळी एकेक बटण उपटून साफ करत बसणे म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून तोट्या घासणे. सगळेच मेले असेल तर केबल बघा. ती बहुधा कीबोर्डच्या पोटात शिरते त्या वाकणावर आतून तुटलेली असते.

एकदा दाबले आणि दोन अक्षरे आली, हा निराळा रोग. कुठलाही धातूचा संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतो. याला बाउन्स म्हणतात. ८२७९ मध्ये आतले घड्याळ १०० किलोहर्ट्झवर असताना त्यासाठी १०.३ मिलिसेकंद थांबण्याची सोय होती. संपर्क झिजला किंवा मळला की थरथर त्या थांबण्याच्या वेळेपेक्षा लांबते आणि एकाची दोन अक्षरे होतात. पण अक्षर आधी एकदा आले, साधारण अर्धा सेकंद थांबले आणि मग झुरळांसारखी रांग लागली, तर ती थरथर नव्हे. बटण खाली अडकले आहे किंवा आत ओल शिरून दोन थर चिकटले आहेत.

आणि खेळताना तीन बटणे एकदम दाबली की तिसरे लागत नाही, हा बिघाडच नाही. स्वस्त कीबोर्डच्या जाळीत प्रत्येक बटणाला डायोड नसतो. आयताच्या तीन कोपऱ्यांवरची बटणे दाबली तर चौथेही दाबल्यासारखे वाटते, म्हणून कंट्रोलर तिसरे बटण नाकारतो. तो कीबोर्ड कितीही पुसलात तरी तसाच वागणार.

हे सगळे इतके मनावर घेण्याचे कारण एक प्रॅक्टिकल परीक्षा आहे. आमच्या बॅचमधल्या एकाला जे मशीन मिळाले त्याचे सेमिकोलनचे बटण मेलेले होते. सी चा प्रोग्राम, आणि सेमिकोलन नाही! त्याने जुन्या फाईलमधला एक सेमिकोलन माउसने उचलला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी चिकटवत बसला. प्रोग्राम बरोबर होता, वेळ संपली. मशीन बदलून मागायला तो घाबरला, आणि मागितले असते तरी दुसरे रिकामे नव्हते. त्यानंतर लॅब असिस्टंट सरांची परवानगी घेऊन आम्ही तिघांनी एका शनिवारी सगळे कीबोर्ड तपासले. सात बाजूला काढले, त्यातले चार संध्याकाळपर्यंत जागेवर परत गेले. नवीन काहीही विकत आणले नाही.

लॅबमधले ते सगळे मेम्ब्रेनचे होते. मागचे स्क्रू काढले (एखादा स्टिकरखाली लपलेला असतो, जोर लावण्याआधी तो शोधा) की आत रबराच्या टोप्यांची चादर आणि तिच्याखाली पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन थर दिसतात. वरच्या आणि खालच्या थरावर वाहक शाईच्या रेघा असतात, मधल्या थराला फक्त भोके. बटण दाबले की वरचा थर भोकातून खालच्याला टेकतो. बस्स, एवढेच यंत्र. थर कसे बसले होते त्याचा फोटो आधी काढा. धूळ कोरड्या मऊ कापडाने टिपा. रेघा घासू नका, शाई निघाली की खेळ संपला. रांगेने मेलेल्या बटणांसाठी थरांचे टोक कंट्रोलरच्या पट्टीवर जिथे दाबले जाते ती जागा बघा. चारपैकी दोन कीबोर्ड तर तिथली पट्टी पुसून आणि स्क्रू घट्ट करून बरे झाले. रेघ खरोखर तुटली असेल तर सोल्डरिंग गन लांब ठेवा, प्लॅस्टिक वितळेल. त्यासाठी चांदीची वाहक शाई मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. मात्र तिची किंमत बघता एका स्वस्त कीबोर्डसाठी ती आणू नये असे माझे मत आहे. तो कीबोर्ड सुट्या भागांसाठी ठेवा. सेमिकोलनची फाटलेली रबरी टोपी आम्ही अशाच एका मयताच्या स्क्रोल लॉकखालून कापून आणली. स्क्रोल लॉक शेवटचे कधी दाबलेत, आठवतंय?

चहा सांडलेला कीबोर्ड ही हॉस्टेलची खास देणगी. पाण्यापेक्षा साखर वाईट. आधी केबल काढा, कीबोर्ड पालथा करा आणि त्याच दिवशी उघडा. बटणांच्या टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात टाका. थर ओल्या फडक्याने टिपून पंख्याखाली दोन दिवस वाळवा, पावसाळ्यात तीनचार दिवस. कंट्रोलरची पट्टी पाण्यात घालू नका. हेअर ड्रायर आणि कडक ऊनही नको, थर वाकडे होतात. तांदळात पुरण्याचा उपाय मला कोणी सांगू नका, तांदूळ मेसलाच असू द्या. लॅपटॉपवर सांडले असेल तर पॉवरचे बटण दाबून धरून तो लगेच बंद करा, चार्जर काढा, तंबूसारखा उलटा उभा करा आणि दुकानात न्या. लॅपटॉपची बटणे कात्रीसारख्या नाजूक प्लॅस्टिकवर बसलेली असतात आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये अख्खा कीबोर्ड वरच्या झाकणाला प्लॅस्टिकच्या रिबिटांनी डकवलेला असतो. तिथे हौस करू नये.

मेकॅनिकल कीबोर्ड आता बऱ्याच खोल्यांत दिसतात. यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, म्हणून दुरुस्तीही एकेकाची होते. टोपी काढायला दोन स्टेपलर पिना नव्हे, दोन तारा वाकवून केलेला चिमटा वापरा आणि सरळ वर ओढा. स्पेसबार आणि एंटरखाली लोखंडी तार असते, तिथे सावकाश. दोन अक्षरे येत असतील तर कीबोर्ड केबलपासून सोडवून स्विचमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब टाका, शंभरेक वेळा दाबा आणि पूर्ण वाळू द्या. बऱ्याचदा एवढ्यावर भागते. नाही भागले तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून स्विचच्या दोन पायांना लावा. दाबल्यावर बीप अडखळली तर स्विच बदलायचा. हॉट-स्वॅप असेल तर चिमट्याने निघतो, नवा बसवताना पाय सरळ आहेत ना ते बघा. नाहीतर पंचवीस वॉटची गन आणि डीसोल्डरिंग पंप घ्या. सांधे दोनच असतात, पण एका सांध्यावर तीनचार सेकंदांहून जास्त टेकलात तर बोर्डावरचे तांबे उचलले जाते. नवा स्विच नसेल तर पुन्हा आपला स्क्रोल लॉक, त्याचा स्विच 'ई'खाली आणि 'ई'चा त्याच्या जागी.

कडकड आवाज स्पेसबारच्या तारेतून येतो. तारेच्या टोकांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल तेल नको, शिलाई मशीनचे तेल नको, डब्ल्यूडी-४० सुद्धा नको, सगळ्यांवर धूळ बसून महिन्याभरात चिखल होतो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरने टोप्याच विरघळतात. उरलेला सॅनिटायझर अल्कोहोल म्हणून वापरू नका, त्यातले ग्लिसरीन किंवा जेल मागे चिकटते.

टोप्यांची चकाकी मात्र पुसून जाणार नाही. एबीएस प्लॅस्टिक बोटांनी घासून गुळगुळीत होते, ती घाण नसून झीज आहे. पीबीटी त्यापेक्षा बराच टिकतो. कोणती बटणे झिजली यावरून मालक ओळखता येतो, हा माझा आवडता खेळ. आमच्या ऑफिसमधल्या एका कीबोर्डवर ई, डी आणि स्लॅश पार पुसले गेले होते. मी म्हटलं, स्लॅश कोण एवढे दाबतंय? मग लक्षात आले, इन्स्क्रिप्टमध्ये ई वर काना, डी वर हलन्त आणि स्लॅशवर 'य' असतो. बाईंची सगळी पत्रे मराठीत. त्यांना अक्षर पुसल्याचे काही वाटत नव्हते, बोटांना पाठ होते. बटण जड झाले होते, ते रबराची टोपी बदलून हलके करून दिले.

मल्टिमीटर आणि पंप माझ्या खोलीत आहेत, कोणीही घेऊन जावे. अल्कोहोल ज्याचे त्याने आणायचे. आणि चहाचा कीबोर्ड सांडल्या रात्रीच आणा, साखर वाळून घट्ट झाल्यावर पंधरा दिवसांनी नको.