आधी मतदान कार्ड शोध

"नेपाळला व्हिसाच लागत नाही ना अक्का, मग कसली तयारी?" असं म्हणालीस आणि गडबडीत फोन ठेवलास. म्हणून निवांत लिहिते. पूर्ण वाच, आणि तुझ्या जाऊबाईंनाही वाचून दाखव, म्हणजे होटगीहून निघायच्या आदल्या रात्री कपाटं उपसायची वेळ तुम्हा दोघींवर येणार नाही.

व्हिसा लागत नाही हे खरं. १९५० च्या मैत्री करारानं दोन्ही देशांच्या लोकांना एकमेकांकडं जाण्याची, राहण्याची मोकळीक दिली. पण आपण भारतीय आहोत हे दाखवावं लागतंच, आणि मोठ्या माणसासाठी ते दाखवणारे कागद दोनच: चालू पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड. आधार नाही. गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडं आधार चालत असल्यानं हे कुणाला पटतच नाही. आधारावरून माणूस कोण ते कळतं, तो कुठल्या देशाचा नागरिक ते ठरत नाही. यात्रा कंपनीनं आधारची झेरॉक्स मागून घेतली म्हणजे काम झालं असं समजू नकोस. ती त्यांच्या नोंदीसाठी.

आता तुझ्या घरातलं एकेक माणूस बघू. सासऱ्यांचं वय पासष्टच्या पुढं गेलंय, त्यांना सूट आहे. वय आणि ओळख पटवणारा फोटोचा सरकारी कागद पुरतो. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन यातलं काहीही चालतं. धाकट्यालाही तीच सूट, तो पंधराच्या आतला आहे. सासूबाई मात्र अजून पासष्टच्या अलीकडं आहेत, त्यांना मतदान कार्ड हवंच. सासऱ्यांचं आधार चाललं म्हणून त्यांचंही चालेल, असं घरात सगळे धरून चालतील. तू धरू नकोस. आणि थोरली सोळा वर्षांची, म्हणजे धड लहान नाही आणि तिला मतदानही नाही. पंधरा ते अठराच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. सुट्टी लागली की शाळेत सही-शिक्क्याला कुणी भेटत नाही, तेव्हा हे काम आधी उरक. माझं ऐकशील तर तिचा पासपोर्टच काढ.

कार्ड सापडलं की नाव वाच. तुझं कार्ड माहेरच्या नावाचं आणि तिकीट सासरच्या नावाचं, असं असेल तर तिकीट कार्डाप्रमाणं काढ. कार्डात चूक असेल तर आठ नंबरचा फॉर्म भरून दुरुस्ती होते, पण तिला वेळ लागतो. कार्ड अस्सल हवं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नकोस.

तुमचा रस्ता ठरलेला आहे. काशीत विश्वनाथाचं दर्शन, जंगमवाडी मठ, मग गोरखपूरवरून सोनौलीची सीमा आणि पुढं काठमांडू. सोनौलीला माणसांची एवढी ये-जा असते की कधी कुणी विचारतच नाही. तशी गेलेली बाई गावात येऊन सांगते, "आम्हाला तर काहीच लागलं नाही." तिचं खरं असलं तरी तिच्या भरवशावर जाऊ नकोस. परतताना आपल्या बाजूची तपासणीही असते. सासऱ्यांची तब्येत बिघडून काठमांडूहून विमानानं यायचं ठरलं, तर कागदाशिवाय कुणी बसू देत नाही. पैशाचं म्हणशील, तर शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा जवळ ठेव. आपल्या १०० रुपयांचे तिकडचे १६० होतात, हा दर ठरलेला आहे. पशुपतिनाथाला चामड्याचा पट्टा, पाकीट आत नेता येत नाही, तेव्हा तुझी पर्सही बघ. आणि सासूबाईंना सांग, तिथले मुख्य पुजारी परंपरेनं कर्नाटकातले भट्ट असतात. त्यांना फार बरं वाटेल.

हे झालं यात्रेचं. मला खरं बोलायचंय ते तुझ्या कागदांबद्दल. तुझं कार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, सगळं सासऱ्यांच्या ट्रंकेत आहे ना? त्यांच्या मनात काही वाईट नाही, मला माहीत आहे. तरी ते तुझ्या कपाटात, तुझ्या हाताशी असावं असं मला मनापासून वाटतं. आणि पासपोर्ट काढ गं. सोलापुरात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, आणि तो दहा वर्षं चालतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. दहावीचं सर्टिफिकेट जोडायला विसरू नकोस. ते नसलं की पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का पडतो, आणि मलेशिया, थायलंड किंवा आखाती देशांत कामाला जायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते.

मलेशियाचं नाव निघालं म्हणून तुझ्या दिराचंही सांगते. तो तिकडं जायचं म्हणतोय. १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला तिथं ३० दिवस व्हिसा लागत नाही, पण पासपोर्टची मुदत पोचण्याच्या दिवसापासून निदान सहा महिने उरलेली हवी, परतीचं तिकीट, राहायची सोय आणि खर्चाला पैसे दाखवता यायला हवेत. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी साइट खोटी. एवढं सगळं असूनही आत सोडायचं की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो.

आणि तो फिरायला जातोय की कामाला, हे त्याला समोर बसवून विचार. व्हिसा नको म्हणजे नोकरी करायची मुभा नव्हे. नोकरीच्या आमिषानं थायलंडमार्गे म्यानमारच्या फसवणूक केंद्रांत नेलेली आपली शेकडो मुलं मार्च २०२५ मध्ये सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी परत आणली. एजंट "आधी पर्यटक म्हणून जा, कागद तिथं गेल्यावर करू" म्हणत असेल, तर दिराला जाऊ देऊ नकोस. घरात वाद झाला तरी चालेल. भावजींना सांगायला जड जात असेल तर मला फोन लाव, मी बोलते त्यांच्याशी.