दह्याने अल्सरचा जंतू जातो का?

दुर्बिणीच्या तपासणीत ‘एच. पायलोरी’ हा जठरातला जंतू सापडला, की रुग्ण हमखास विचारतात, “डॉक्टर, एवढ्या गोळ्या घेण्यापेक्षा रोज दही-ताक घेतलं तर चालेल का?” शंका रास्त आहे. तिच्यामागे थोडे विज्ञानही आहे.

हा पिळदार जंतू जठराच्या तीव्र आम्लात जगतो तो युरिएज या एन्झाइमच्या जोरावर. युरियापासून अमोनिया बनवून तो आपल्याभोवतीचे आम्ल निष्प्रभ करतो आणि जठराच्या अस्तराला चिकटून राहतो. अस्तराला वर्षानुवर्षे सूज राहते, काहींना अल्सर होतो, मोजक्यांना पुढे जठराचा कर्करोग. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात या जंतूचा सूज आणि अल्सरशी असलेला संबंध दाखवला. तोवर अल्सरचे खापर काळजी आणि तिखटावर फुटत असे. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

दह्यातल्यासारखे उपकारक, म्हणजे प्रोबायोटिक, जंतू या पायलोरीला अनेक बाजूंनी जेरीस आणतात. लॅक्टोबॅसिलसच्या लॅक्टिक आम्लामुळे त्याची वाढ आणि युरिएजचे काम मंदावते. काही प्रकार त्याला मारक प्रथिने सोडतात, काही अस्तरावरची जागा आधीच अडवतात. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा एक वाण तर थेट पायलोरीलाच चिकटून त्याच्या गुठळ्या करतो, मग त्याला अस्तर धरता येत नाही. जंतूंची संख्या अशाने घटू शकते. पण ते समूळ जात नाहीत, आणि उरलेले पुन्हा वाढतात.

म्हणून साधारण १४ दिवसांचा अँटिबायोटिक्सचा कोर्स टळत नाही. या गोळ्यांनी जुलाब, मळमळ होते आणि अनेकजण कोर्स अर्धवट सोडतात. तिथेच औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. प्रोबायोटिकचा खरा उपयोग मला इथे वाटतो: त्रास कमी होतो, कोर्स पुरा होतो. अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक यांत दोन तासांचे अंतर ठेवा. घरचे दही जरूर खा, मात्र त्यात कोणते जंतू किती हे विरजणागणिक बदलते. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करा. तपासणीआधी दोन आठवडे अ‍ॅसिडिटीची गोळी बंद हवी. ती कशी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा. डांबरासारखी काळी शौच होत असेल, रक्ताची उलटी झाली किंवा वजन विनाकारण उतरत असेल, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका.