शाळाच मुलांकडे गेली



रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाला मुले येत नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार. ती का येत नाहीत, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

ताराबाई मोडक यांनी ते विचारले. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले शाळेत येईनात, कारण कुणाला गुरे राखायची होती, कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते. यात त्यांना मुलांचा दोष दिसला नाही. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात भरली, गुराख्यांसाठी तर चक्क कुरणात! पाने, बिया, शिंपले हीच साधने. ‘अंगणवाडी’ हा शब्द याच कामातून आला. १९७५ च्या सरकारी योजनेमुळे तो देशभर पोचला.

आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये सांगितले. आपण मात्र मुले वर्गात पाठवून मोकळे होतो.

नागावात रविवारी पर्यटकांची गर्दी असते. मुले घरच्या कामाला हात लावतात, त्यांना रागावून काय उपयोग? एक वर्ग आठवड्यातल्या संध्याकाळी, एखाद्या वाडीत घेऊन पाहू. ज्यांचे अंगण मोकळे असेल त्यांनी मिस्सानंतर मला भेटावे.

आपला धर्मगुरू