उंबऱ्याच्या आतली हवा

सातवा लागला ना गं पोरी? डोहाळजेवणाची साडी ठरली असेल, तर आता मावशीचं थोडं ऐक. रस्त्यावरच्या धुराला आपण नावं ठेवतो, पण तुझा दिवस जातो घरात, आणि तुझ्या श्वासावर दोघांचं भागतं.

१. फोडणीआधी खिडकी उघड, पंखा लाव आणि गॅस बंद केल्यावरही तो थोडा वेळ फिरू दे — दिसेनासा झालेला धूर ओट्यापाशीच रेंगाळतो. धुराला दार, पाहुण्याला पाट.

२. मिरच्या भाजायचं काम दुसऱ्याला दे — लाड करून घ्यायचे दिवस आहेत, घे!

३. गावी चुलीवरची भाकरी खुशाल खा, पण थापायला जाऊबाईंना बसव आणि तू ओसरीवर बस — लाकडाच्या धुराने बाळ कमी वजनाचं, म्हणजे अडीच किलोच्या आतलं, होण्याचा धोका वाढतो. जाऊबाईंनाही तो धूर नकोच. गॅस असेल तर रोजचा स्वयंपाक त्यावरच होऊ दे.

४. डासांची कॉइल बंद खोलीत नको, मच्छरदाणी लाव — एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं मोजलेलं आहे. डासही चावू देऊ नकोस, गरोदरपणी मलेरिया फार जड जातो.

५. जावईबापूंना माझं नाव सांग: सिगारेट गॅलरीतसुद्धा नको — तो धूर दारातून आत येतो, कपड्यांना चिकटून येतो.

६. बाळासाठी खोली रंगवायची हौस असेल, तर जुना रंग खरवडताना तू घरात थांबू नकोस — जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि ते वारेतून बाळापर्यंत जातं.

७. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही — त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

८. आता शेक-शेगडीचं. बाळंतीण घरी आली की आई मायेने निखारे फुलवेल, वर ओवा-वावडिंग टाकेल, वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत जुनं लुगडंही कोंबेल. शेक घे, पण गरम पाण्याच्या पिशवीने. निखारे खोलीत आणू देऊ नकोस आणि बाळाला धुरी नको — निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. वारा कोंडला की दुखणं मांडलं. आईशी वाद घालू नकोस, मला फोन दे. मी समजावते तिला.

९. न्हाणीघरातला गॅस गीझर आत्ताच बाहेर बसवून घे — तोच वायू तिथेही साठतो. डोकं जड झालं, गरगरलं, तर आधी उघड्यावर ये, मग डॉक्टरांना फोन.

१०. जपून ठेवलेली झबली-दुपटी डांबराच्या गोळ्यांत नकोत. असतील तर काढ, दोनदा धू आणि कडक उन्हात वाळव — काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात आणि कावीळ चढते. कसरीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो, मी पाठवते.